पोराला गुरू मिळतोच

॥ श्री सद्गुरुनाथाय नमः ॥



गेली काही वर्षं आपल्या घरच्या ग्रुपांवर एकाच तऱ्हेची बातमी वरचेवर येते. पंधरा-सोळा वर्षांची पोरं, हातात कोयता, गाड्यांच्या काचा फोडलेल्या, कुणावर तरी वार. पुण्याच्या वर्तमानपत्रांत तर ‘कोयता गँग’ हा शब्दच रुळून गेला. गोव्यात नारळ फोडायला आणि बेळगावकडे ऊस तोडायला जो कोयता आपण लहानपणापासून पाहिला, त्याचं हे रूप पाहून मन विटतं. बातमीखाली लगेच मतं येतात. भर चौकात फटके द्या, आयुष्यभर आत टाका, आईबापांना धरा. आणि कुणीतरी हळूच विचारतं, “कुणाचा आहे हो मुलगा?” उत्तर कळलं की जीव भांड्यात पडतो. आपला नाही ना, मग झालं.

आज याच प्रश्नावर थोडं बोलू या. ज्याच्या खिशात चाकू सापडला त्या मुलासाठी कुणी वेळ द्यावा, माया द्यावी, त्याला कामधंद्याला लावावं, हे बरोबर आहे का? ज्याला वार लागला तो दवाखान्यात पडलाय, त्याची आई बाहेर बाकावर बसलीय, आणि आपण वार करणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवायचा? हा प्रश्न सोपा नाही. “दया करावी” एवढं म्हणून तो सुटत नाही, आणि “ठोकून काढावं” म्हणूनही सुटत नाही. एका शहराने या प्रश्नाला खरोखर हात घातला, म्हणून आधी त्या शहराची हकिगत सांगतो.

ते शहर म्हणजे स्कॉटलंडमधलं ग्लासगो. बोटी बांधण्याच्या कारखान्यांसाठी एकेकाळी जगभर नावाजलेलं. पुढे कारखाने बंद पडले, बेकारी आली, दारू वाढली. टोळ्या तर तिथे फार जुन्या. १९२० आणि १९३० च्या दशकांतच दाढीचे वस्तरे घेऊन मारामाऱ्या करणाऱ्या टोळ्यांसाठी हे शहर बदनाम होतं. टोळी म्हणजे पैशासाठी चालणारा धंदा असं फारसं नव्हतं, भांडण बहुतेक हद्दीचं. या वस्तीतल्या पोराने पलीकडच्या रस्त्यावर पाय ठेवायचा नाही. का, तर नाही. आजोबांच्या वेळेपासून असंच चालत आलंय. पलीकडे शाळा असो, मैदान असो, मैत्रीण असो, जायचं झालं तर खिशात काहीतरी घेऊन जायचं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेऊ या. यातली बरीच मुलं कुणाला मारायचं ठरवून चाकू घेत नव्हती. आपल्याला कुणी मारेल या भीतीने घेत होती. मग समोरचाही त्याच भीतीने घेतो. दोन भ्यालेली पोरं समोरासमोर आली, दोघांच्या खिशात पातं आहे, आणि मित्र बघताहेत म्हणून माघार घेता येत नाही. एरवी दोन गुद्दे मारून जे भांडण मिटलं असतं, त्यात एक जण जातो आणि दुसरा तुरुंगात. भीतीचं औषध म्हणून घेतलेला चाकू भीतीच वाढवतो.

२००५ साली तिथल्या पोलिसांनी हिंसा कमी करण्यासाठी एक वेगळा विभाग सुरू केला. कॅरन मक्लस्की आणि जॉन कार्नोखन ही ते काम उभं करणारी दोन माणसं. मक्लस्की मूळच्या परिचारिका, पुढे मानसशास्त्र शिकून पोलिसांकडे आलेल्या. कार्नोखन खुनांचा तपास करण्यात मुरलेले अधिकारी. पोरं पकडून, शिक्षा देऊन वर्षानुवर्षं झाली, तरी नव्या वर्षी नवी पोरं तयार असत. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली हिंसेवर एक मोठा अहवाल काढला होता. त्यातला विचार त्यांनी उचलला. हिंसेकडे साथीच्या रोगासारखं बघायचं. एका घरात ताप निघाला की डॉक्टर नुसतं त्या रोग्याकडे बघत नाही. पाणी कुठलं, शेजारी कोण, पुढे कुणाला लागण होईल, हे बघतो. तसंच इथे करायचं.

पण याचा अर्थ त्यांनी लाड केले असा कुणी घेऊ नये. २००८ मध्ये त्यांनी टोळ्यांमधल्या मुलांना शहरातल्या कोर्टात बोलावलं. खटला नव्हता, सभा होती, पण भरवली कोर्टातच. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात १९९० च्या दशकात असाच प्रयोग झाला होता, त्यावरून हे घेतलं. आधी पोलिसांनी सांगितलं, तुम्ही कोण, कुठे उभे राहता, कुणाबरोबर फिरता, सगळं आम्हाला माहीत आहे. यापुढे एकाने वार केला तर सगळ्या टोळीमागे आम्ही लागू. मग एका सर्जनने चाकूचा वार लागल्यावर टेबलावर काय दिसतं ते सांगितलं. मग एक आई बोलली, जिचा मुलगा गेला होता. असं सांगतात की पोलिसांपुढे छाती काढून बसलेली पोरं त्या आईपुढे मान वर करू शकली नाहीत. आणि सगळ्यात शेवटी एक फोन नंबर दिला गेला. हे सोडायचं असेल तर या नंबरावर फोन करा. शिक्षण, काम, दारू सोडवणं, जे लागेल ते बघू. अट एकच, मारामारी बंद.

फोन केल्यावर पुढे काय, हा खरा भाग. कारण फोन घेणं सोपं असतं, तो फोन करणारं पोरगं सांभाळणं अवघड. इथे मेंटॉर येतो. आपल्या भाषेत पाठीराखा म्हणू. हा पाठीराखा भाषण देत नाही. कामाच्या पहिल्या दिवशी पोरगं झोपून राहिलं तर दार वाजवतो. सरकारी कागद भरायला बरोबर बसतो. तो पुन्हा प्यायला लागला तर रागावतो, पण निघून जात नाही. तिथल्या एका खाद्यपदार्थांच्या गाडीवर तुरुंगातून सुटलेल्या लोकांना काम दिलं गेलं आणि प्रत्येकामागे असा एकेक माणूस ठेवला गेला. २०१५ पासून ग्लासगोच्या एका मोठ्या रुग्णालयात, अपघात विभागातच अशी माणसं बसू लागली. जखमी होऊन आलेल्या मुलाशी ते तिथेच बोलतात. त्यांच्यातल्या काहींनी स्वतः तसंच आयुष्य काढलेलं असतं. टाके घालताना मुलगा क्षणभर मऊ झालेला असतो. बदला घ्यायचा की घरी जायचं, हे त्या एका रात्रीत ठरणार असतं. त्या रात्री शेजारी कोण बसलंय, यावर सगळं असतं.

शाळांतही एक काम सुरू झालं. वरच्या वर्गातली मुलं खालच्या वर्गातल्या मुलांशी बोलतात. मित्राच्या दप्तरात चाकू दिसला तर काय कराल? कुणी कुणाला छळत असेल तर हसाल, गप्प बसाल, की काही कराल? बॉस्टनमध्येच १९९३ साली सुरू झालेल्या एका कार्यक्रमावरून हे आलं. चाकू कुणाकडे आहे हे आईबापांना आणि शिक्षकांना शेवटी कळतं, मित्रांना आधी. म्हणून बघणाऱ्याला जागं करायचं.

याचा उपयोग झाला का? एप्रिल २००६ ते एप्रिल २०११ या पाच वर्षांत स्कॉटलंडमध्ये चाकूने ४० मुलं आणि किशोरवयीन मारले गेले होते. पुढच्या पाच वर्षांत हा आकडा ८ वर आला. एकट्या ग्लासगोत तो १५ होता, पुढच्या पाच वर्षांत शून्य. पण जे जसं आहे तसंच सांगायला हवं. त्याच काळात चाकू बाळगण्याची शिक्षा कडक झाली होती, झडत्याही वाढल्या होत्या. कोर्टात बोलावलेल्या त्या मुलांचा पुढे अभ्यास झाला. दोन वर्षांत त्यांच्यात शस्त्र बाळगण्याचं प्रमाण ८४ टक्क्यांनी घटलं. पण ज्यांना अशी मदत मिळालीच नव्हती, त्यांच्यातही ते ४० टक्क्यांनी घटलं. वय वाढलं की काही पोरं आपोआप शहाणी होतात. मारामारीच्या बाबतीत तर दोन्ही गटांत मोठा फरक आढळला नाही. म्हणजे पाठीराखा ही जादूची कांडी नाही. पण त्याने खिशातला चाकू बराच बाहेर निघाला. आणि खिशात चाकू नसेल तर मारामारीतून माणूस घरी परत येतो. एवढं काही थोडं नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वार झालेल्यावर यात अन्याय होतो का?

पहिली गोष्ट, वार करणारा आणि वार झालेला ही पुष्कळदा एकच व्यक्ती असते, दिवस फक्त वेगळे. काल ज्याच्या पाठीला टाके पडले, तोच उद्या चाकू घेऊन निघतो. तेव्हा टाके पडलेल्या रात्री त्याला धरून ठेवणं हे उद्याच्या जखमीला वाचवणं आहे. ज्या आईचा मुलगा अजून जिवंत आहे, तिच्यासाठी केलेलं ते काम आहे.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. कुणी म्हणेल, “आमचा मुलगा सरळ वागला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला नोकरी शोधताना चपला झिजवाव्या लागल्या. आणि ज्याने चाकू काढला त्याच्यामागे माणूस, त्याला काम, त्याची विचारपूस. मग सरळ वागायचं कशाला?” ही तक्रार खोटी नाही. तिला झिडकारू नये. पण सरळ मुलाला काहीच मिळालं नाही असंही नाही. त्याच्या घरी संध्याकाळी वाट बघणारं कुणी होतं. ताप आला तर कपाळावर हात होता. चुकला तर कान धरणारा काका होता. तो सरळ राहिला यात त्याचा गुण आहेच, पण या सगळ्यांची पुण्याईही आहे. दुसऱ्याला हे दहा वर्षं उशिरा, तेही परक्याकडून, अटीवर मिळतंय. आणि त्या परक्याने हे केलं तर आपला सरळ मुलगा रात्री क्लासहून निर्धास्त घरी येतो.

तिसरी गोष्ट क्षमेची. पाठीराखा क्षमा करत नाही. त्याला तो अधिकारच नाही. ज्याला जखम झाली, ज्याचं माणूस गेलं, क्षमा करायची की नाही ते त्यानेच ठरवायचं. दुसऱ्याने परस्पर “झालं गेलं विसरा” म्हणणं हा त्या माणसावर दुसरा वार आहे. पाठीराखा फक्त सोबत देतो. कर्माचं फळ भोगताना सोबत.

हे समजायला आपल्याकडे अंगुलिमालाची कथा आहे. बौद्ध परंपरेतली ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे ती इतकीच, की बोटांची माळ घालणारा दरोडेखोर बुद्धांना शरण गेला. पण तिच्या दोन बाजू फारशा सांगितल्या जात नाहीत.

एक बाजू नंतरची. भिक्षू झाल्यावर तो भिक्षेला निघाला की लोक त्याला दगड मारत. डोकं फुटून, रक्ताने माखून तो परत येई. बुद्धांनी लोकांना दोष दिला नाही. त्यालाही ‘बिचारा’ म्हटलं नाही. हे तुझ्या कर्माचं फळ आहे, सहन कर, असं त्याला सांगितलं. करुणा होती म्हणून त्याला जवळ ठेवलं, आणि करुणा होती म्हणूनच त्याचं देणं माफ केलं नाही. दोन्ही एकाच वेळी. ग्लासगोच्या कोर्टात आई बोलली आणि मग फोन नंबर दिला गेला, त्यातला क्रम हाच आहे. आधी केलेल्याकडे बघ, मग मी तुझ्याबरोबर येतो.

दुसरी बाजू आधीची, आणि ती आपल्यासारख्या गुरू मानणाऱ्यांनी फार जपून ऐकावी अशी. जुन्या टीकाग्रंथात सांगितलंय की त्याचं मूळ नाव अहिंसक. तक्षशिलेला शिकणारा हुशार, आज्ञाधारक विद्यार्थी. बाकीच्या शिष्यांनी मत्सराने गुरूचे कान भरले. गुरूने त्याचा नाश व्हावा म्हणून गुरुदक्षिणा मागितली, एक हजार बोटं. आणि त्या आज्ञाधारक मुलाने ती गोळा करायला सुरुवात केली. म्हणजे त्याच्या हातात शस्त्र आलं ते गुरू नव्हता म्हणून नाही. गुरू होता, म्हणून आलं. आणि ते खाली ठेवलं तेही एका गुरूमुळेच.

आम्हाला या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. पोराला गुरू मिळतोच. बारा-तेरा वर्षांचा मुलगा घराबाहेर कुणाकडे तरी बघायला लागतो. कसं चालायचं, कसं बोलायचं, कुणाला घाबरायचं, कशाने मान मिळतो, हे तो कुणाकडून तरी शिकणारच. घरात कुणी नसेल, शाळेत कुणी नसेल, तर नाक्यावरचा ‘भाई’ आहेच. तो नावाने हाक मारतो. गाडीवर मागे बसवतो. चहा पाजतो, वडापाव खाऊ घालतो. पोरगं अडचणीत आलं तर धावत येतो. जे मायेच्या माणसाने करायचं ते सगळं तो करतो, आणि मग दक्षिणा मागतो. वाढदिवसाला तलवारीने केक कापायला लावतो, त्याचा व्हिडिओ काढतो, आणि एक दिवस हातात कोयता देऊन म्हणतो, तू अजून अठराचा नाहीस, तुला काही होत नाही. पोरगं जातं. ते दुष्ट म्हणून नाही जात. ते आज्ञाधारक असतं म्हणून जातं.

तेव्हा अशा मुलाला वेळ द्यावा की नाही हा प्रश्नच मुळात थोडा चुकीचा मांडला गेलाय. वेळ देणारा कुणीतरी आधीच तिथे बसलेला आहे. ती जागा आपण घेणार की त्याला देणार, एवढंच ठरवायचं आहे. पसायदानात माउलींनी दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांच्यातला वाकडेपणा जावा आणि त्यांना सत्कर्माची गोडी लागावी, असं मागितलं. आपण ते रोज म्हणतो. पण वाकडेपणा आपोआप जात नाही, कुणाच्या तरी संगतीने जातो. ती संगत द्यायला कुणी निघालंच नाही, तर आपलं मागणं ओठांवरच राहील.

मग आपण काय करायचं? आपली केंद्रं लहान आहेत. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, कुठेही बघा, दहा-वीस घरं, एक हॉल, रविवारची बालोपासना. ग्लासगोसारखं काम आपल्याकडून होणार नाही. पण त्यातलं आपल्याला पेलेल असं काही आहे.

एका मोठ्याने एकाच मुलाकडे लक्ष द्यावं. दहा मुलांना उपदेश करणं सोपं आहे, त्याचा उपयोग कमी. आठवड्यातला एक दिवस ठरवावा आणि तो चुकवू नये. या मुलांना आजवर बहुतेकांनी “येतो” म्हणून सांगितलं आणि कुणी आलं नाही. त्यामुळे आपण येतो की नाही, एवढंच ते बरेच महिने तपासत बसतात. निदान वर्षभर जमणार नसेल तर सुरूच करू नये, अर्ध्यावर सोडणं हे न भेटण्यापेक्षा वाईट. बोलण्यापेक्षा बरोबर काहीतरी करावं. सायकल दुरुस्त करा, हॉलची रंगरंगोटी करा, भंडाऱ्याला वाढपात घ्या. पोरं समोरासमोर बसून बोलत नाहीत, हात कामात असले की बोलतात.

भेटी उघड्यावर, चार लोकांच्या नजरेत व्हाव्यात, आणि मुलाच्या घरी व केंद्रातल्या आणखी एका जबाबदार माणसाला त्या माहीत असाव्यात. मुलाच्या आणि आपल्या, दोघांच्या भल्यासाठी. आणि एक गोष्ट पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावी. “तू सांगितलेलं मी चारचौघांत बोलणार नाही. पण कुणाच्या जिवाला धोका असेल तर गप्पही बसणार नाही.” मुलाजवळ हत्यार आहे असं कळलं तर ते लपवून ठेवणं हे प्रेम नव्हे. घरच्यांना, शाळेला, वेळ पडली तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर सांगावं. पोलिसांकडे जावं लागलं तर त्याच्याबरोबर आपणही जावं.

आपल्या नववी-दहावीच्या मुलांशीही बोलावं. मित्राकडे काही दिसलं तर सांगणं ही चहाडी नाही, मित्राला वाचवणं आहे, हे त्यांना कुणीतरी मोठ्याने म्हटलेलं ऐकू येऊ दे.

आणि शेवटचं, हे तर आजच्या आज जमेल. वारांचे व्हिडिओ पुढे पाठवू नका. अठराच्या आतल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याने मनाई आहे, मग तो वार करणारा असो की वार झालेला. पण कायदा बाजूला ठेवला तरी, तो व्हिडिओ बघून कुठलंतरी पोरगं घाबरतं आणि खिशात काहीतरी ठेवून घराबाहेर पडतं. दुसरं कुणीतरी बघतं आणि त्याला वाटतं, असं केलं की सगळीकडे नाव होतं. आपण संतापाने पाठवलेलं असतं, पण काम भाईचं होतं.

आपल्या गल्लीत, आपल्या नात्यात, कामवाल्या मावशींच्या घरी, असा एक तरी मुलगा असेल ज्याला “जेवलास का रे?” असं हल्ली कुणी विचारत नाही. पुढच्या वेळी बातमीखाली “कुणाचा आहे हो?” असं लिहायला बोट पुढे जाईल, तेव्हा आधी तो मुलगा डोळ्यांसमोर आणू या. आणि त्याला आज संध्याकाळी हाक मारू या.

सद्गुरूंनी आपला हात धरला तेव्हा आपली लायकी विचारली नव्हती, एवढं आठवलं तरी पुरे.

॥ जय गुरुदेव ॥